जीरेंजेसलिस्ट: जीनोमवरील पट्ट्यांच्या गटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर भाषेवर उभ्या असलेल्या बायोकंडक्टर प्रकल्पात जीनोमवरील स्थानांसाठी जीनोमिकरेंजेस हे पॅकेज वापरले जाते आणि त्यातील जीरेंजेसलिस्ट हा प्रकार नव्याने काम करणाऱ्यांना सर्वाधिक अडखळवतो. अडचणी बहुतेक वेळा आज्ञा ठाऊक नसल्यामुळे येत नाहीत. आपण विचारलेला प्रश्न पट्ट्याविषयी (जीनोमवरील आरंभापासून अंतापर्यंतच्या सलग भागाविषयी) आहे की पट्ट्यांच्या गटाविषयी, हे स्पष्ट न केल्यामुळे त्या येतात. खालील उत्तरांत हाच भेद पुन्हा पुन्हा समोर येईल. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

जीरेंजेसलिस्ट म्हणजे काय? जीरेंजेस असताना तिची गरज का पडते?

जीरेंजेस हा पट्ट्यांचा व्हेक्टर आहे. प्रत्येक पट्ट्याला गुणसूत्राचे नाव, आरंभ, अंत आणि स्ट्रँड (डीएनएच्या दोन धाग्यांपैकी धन किंवा ऋण) असतो. त्याशिवाय गुणांक, ओळखक्रमांक यांसारखे हवे तेवढे स्तंभ त्याला जोडता येतात. हा प्रकार पुरेसा वाटतो, पण जीवशास्त्रातील अनेक वस्तू एका अखंड पट्ट्यात मावत नाहीत. ट्रान्सक्रिप्ट (जनुकाची आरएनए प्रत) म्हणजे अनेक एक्झॉन (त्या प्रतीत टिकणारे भाग), स्प्लाइस झालेला रीड (सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेला लहान तुकडा) म्हणजे मध्ये अंतर असलेले दोन किंवा अधिक तुकडे, आणि जनुक म्हणजे अनेक ट्रान्सक्रिप्टांचा समूह. असा प्रत्येक समूह एक घटक म्हणून हाताळता यावा, यासाठी जीरेंजेसलिस्ट आहे. तिचा प्रत्येक घटक स्वतः एक जीरेंजेस असतो.

संपूर्ण पानभर आपण एकच उदाहरण वापरू. बीटा ग्लोबिन तयार करणारे एचबीबी हे जनुक ११व्या गुणसूत्राच्या ऋण स्ट्रँडवर आहे. सिकलसेलच्या तपासणीमुळे विदर्भात आणि नंदुरबार परिसरात ते अनेकांच्या परिचयाचे आहे. मानवी संदर्भ-जीनोमच्या जीआरसीएच३८ या आवृत्तीत त्याच्या रेफसेक या संदर्भसंग्रहातील ट्रान्सक्रिप्टाचे, म्हणजे एनएम_०००५१८.५ चे, तीन एक्झॉन असे आहेत: पहिला ५२,२६,९३० ते ५२,२७,०७१ (१४२ बेस), दुसरा ५२,२६,५७७ ते ५२,२६,७९९ (२२३ बेस) आणि तिसरा ५२,२५,४६४ ते ५२,२५,७२६ (२६३ बेस). जीरेंजेसमध्ये या तीन सुट्या ओळी होतील. जीरेंजेसलिस्टमध्ये हा तीन पट्ट्यांचा एक गट होईल आणि त्याची लांबी विचारल्यास एक हे उत्तर येईल. लेंग्थ हे फंक्शन गट मोजते. प्रत्येक गटातील पट्टे मोजण्यासाठी एलिमेंटएनरोज किंवा लेंग्थ्स वापरावे लागते.

आर भाषेतील साध्या लिस्टमध्ये जीरेंजेस ठेवले तर काय बिघडते?

थोड्या गटांसाठी काहीच बिघडत नाही. गट हजारांत आणि लाखांत गेले की दोन गोष्टी जाणवू लागतात. पहिली गोष्ट स्मृतीची. साध्या लिस्टमधील प्रत्येक जीरेंजेस हे पूर्ण ऑब्जेक्ट असते आणि त्याच्याबरोबर गुणसूत्रांची नावे, त्यांच्या लांबी, स्तंभांची रचना असा सारा जामानिमा प्रत्येक वेळी नव्याने येतो. मानवी जीनोमच्या लाखांच्या घरातील ट्रान्सक्रिप्टांसाठी हा भार प्रत्यक्ष माहितीपेक्षा मोठा होतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. साध्या लिस्टला आपल्या आत काय आहे हे ठाऊक नसते, त्यामुळे तिच्यावर फाइंडओव्हरलॅप्स, रिड्यूस किंवा विड्थ थेट चालत नाही. एका घटकात जीआरसीएच३७ मधील आणि दुसऱ्यात जीआरसीएच३८ मधील स्थाने असली, तरी ती तक्रार करत नाही. जीरेंजेसलिस्टमध्ये सर्व गटांना मिळून एकच सेकइन्फो (गुणसूत्रांची नावे, लांबी आणि जीनोमची आवृत्ती यांची नोंद) असते. गुणसूत्रांच्या लांबी किंवा जीनोमची आवृत्ती नोंदवलेली असेल, तर विसंगत गट एकत्र करताना त्रुटी येते आणि काम तिथेच थांबते. हे थांबणे त्रासदायक वाटले तरी ते स्वागतार्ह मानावे. उलट, वेगवेगळ्या प्रजातींची माहिती एकत्र बाळगायची असेल, तर साधी लिस्टच योग्य ठरते, कारण तिथे एका सेकइन्फोला अर्थ राहत नाही.

या कंटेनरची आतली रचना कशी असते?

हे एकदा नीट समजले की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. नेहमी वापरला जाणारा प्रकार कॉम्प्रेस्ड जीरेंजेसलिस्ट हा आहे. त्यात गट वेगवेगळे साठवलेले नसतात. सर्व गटांतील सर्व पट्टे एकामागून एक लावून एकच लांब जीरेंजेस केलेला असतो, आणि त्याच्यासोबत प्रत्येक गट कुठे संपतो हे सांगणारी पूर्णांकांची मालिका असते. तीन गटांत अनुक्रमे ३, ० आणि २ पट्टे असतील, तर सपाट व्हेक्टरमध्ये ५ पट्टे असतात आणि सीमा ३, ३, ५ अशा नोंदवल्या जातात. मधला रिकामा गट केवळ पुन्हा आलेल्या ३ या आकड्यातून ओळखला जातो.

या रचनेचे दोन परिणाम होतात. अनलिस्ट हे फंक्शन जवळजवळ फुकट असते, कारण सपाट व्हेक्टर आत आधीच तयार असतो. याउलट, एखाद्या गटात नवा जीरेंजेस घालणे महाग असते, कारण त्यासाठी संपूर्ण सपाट व्हेक्टर पुन्हा बांधावा लागतो. सर्व गटांतील पट्ट्यांची एकूण संख्या २,१४,७४,८३,६४७ या पूर्णांकमर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, पण नेहमीच्या कामात ही मर्यादा क्वचितच आडवी येते. सिंपल जीरेंजेसलिस्ट हा दुसरा प्रकार गट खरोखर वेगळे साठवतो. गट मोजके आणि प्रत्येक गट प्रचंड असेल, उदाहरणार्थ प्रत्येक नमुन्याचे सर्व रीड एका गटात असतील, तर तो सोयीचा पडतो. ऑब्जेक्ट तयार करताना कॉम्प्रेस हा अर्ग्युमेंट फॉल्स दिला की हा प्रकार मिळतो.

गट तयार करण्याचा योग्य मार्ग कोणता?

ट्रान्सक्रिप्टांच्या नोंदी टीएक्सडीबी (ट्रान्सक्रिप्टांचा डेटाबेस) ऑब्जेक्टमध्ये उपलब्ध असतील, तर एक्झॉन्सबाय, सीडीएसबाय, ट्रान्सक्रिप्ट्सबाय आणि इंट्रॉन्सबायट्रान्सक्रिप्ट ही फंक्शने थेट जीरेंजेसलिस्ट देतात. ट्रान्सक्रिप्टनुसार गट मागितल्यास गटांना मूळतः डेटाबेसमधील अंतर्गत क्रमांकांची नावे मिळतात. ट्रान्सक्रिप्टांची खरी नावे हवी असल्यास यूज-नेम्स हा अर्ग्युमेंट ट्रू करावा. अंतर्गत क्रमांक टीएक्सडीबीच्या एका बांधणीपुरतेच अर्थपूर्ण असतात, म्हणून ते निकालांच्या तक्त्यात कधीही उतरवू नयेत.

माहिती डेटाफ्रेममध्ये असेल, तर मेकजीरेंजेसलिस्टफ्रॉमडेटाफ्रेम हे फंक्शन गट ठरवणारा स्तंभ विचारते. जीरेंजेस आधीच हाताशी असेल, तर स्प्लिट पुरते, मात्र त्यातील एक बारकावा लक्षात ठेवावा. गट ठरवणारा स्तंभ अक्षरमालेचा असेल, तर स्प्लिट गटांना वर्णक्रमाने लावते, आणि मग १०वे गुणसूत्र दुसऱ्याच्या आधी येते. मूळ क्रम टिकवायचा असल्यास त्या स्तंभाचा फॅक्टर करून त्याच्या लेव्हल आपण स्वतः, हव्या त्या क्रमाने द्याव्यात. पुढे एखादा तक्ता गटांच्या क्रमाशी जुळवायचा असेल, तर या एका खबरदारीमुळे फार मोठा घोटाळा टळतो. तरीही जुळणी क्रमावर न सोडता नावांवरून करणे हेच अधिक सुरक्षित आहे.

ऋण स्ट्रँडवरील एक्झॉन उलट क्रमाने का दिसतात?

कारण तोच त्यांचा जैविक क्रम आहे. एक्झॉन्सबायला ट्रान्सक्रिप्टनुसार गट मागितले की प्रत्येक गटातील एक्झॉन त्यांच्या क्रमांकानुसार येतात. एचबीबी ऋण स्ट्रँडवर असल्याने त्याचा पहिला एक्झॉन सर्वांत मोठ्या निर्देशांकाचा असतो आणि तिसरा सर्वांत लहान निर्देशांकाचा. ही चूक समजून अनेक जण सॉर्ट चालवतात. तसे केल्यास प्रत्येक गटातील एक्झॉनांचा क्रम विस्कटतो आणि नंतर एक्स्ट्रॅक्टट्रान्सक्रिप्टसेक्स या फंक्शनने काढलेला ट्रान्सक्रिप्टाचा अनुक्रम चुकीचा येतो, कारण ते फंक्शन गटातील पट्टे ज्या क्रमाने मिळतील त्याच क्रमाने जोडते. येथे कोणताही इशारा मिळत नाही. अनुक्रमाची लांबी बरोबर येते आणि मजकूर मात्र चुकतो.

जीटीएफ (जनुके आणि एक्झॉन यांच्या नोंदींची मजकूर) फाइल वाचून स्वतः स्प्लिट करणाऱ्यांनी याबाबत विशेष दक्ष राहावे. ऋण स्ट्रँडवरील एक्झॉन क्रमांकानुसार लिहावेत की निर्देशांकानुसार, याबाबत सर्व स्रोत एकसारखे वागत नाहीत. शक्य असेल तिथे अशा फाइलमधून आधी टीएक्सडीबी बनवावे आणि मग एक्झॉन्सबाय वापरावे. हे काम करणारी फंक्शने आता टीएक्सडीबीमेकर या पॅकेजमध्ये आहेत. जनुकानुसार केलेल्या गटांत एक्झॉनचा क्रमांक निरर्थक असतो, कारण एकच एक्झॉन एका ट्रान्सक्रिप्टात पहिला आणि दुसऱ्यात दुसरा असू शकतो.

जनुकाचा क्रमांक देऊन गट मागितला, पण भलतेच जनुक आले. असे का होते?

एचबीबीचा एन्ट्रेझ (एनसीबीआयच्या जनुक-डेटाबेसमधील) क्रमांक ३०४३ आहे. चौकटी कंसात ३०४३ ही संख्या म्हणून दिली, तर आर ३,०४३वा गट देते आणि तो निराळ्याच जनुकाचा असतो. हीच गोष्ट अवतरणचिन्हांत, अक्षरमाला म्हणून दिली, तरच त्या नावाचा गट मिळतो. दोन्ही आज्ञा निमूटपणे चालतात, म्हणून क्रमांकांचा स्तंभ फाइलमधून वाचताना तो अक्षरमालेचाच राहील याची खात्री करावी.

कंसांविषयी इतके पुरे: दुहेरी चौकटी कंस गट उघडून आतील जीरेंजेस देतो, तर एकेरी कंस निवडलेल्या गटांची जीरेंजेसलिस्टच परत करतो.

एमकॉल्सने स्तंभ विचारले, तर काहीच का दिसत नाही?

कारण स्तंभ दोन पातळ्यांवर असतात. जीरेंजेसलिस्टला एमकॉल्स लावले की गटांचे स्तंभ मिळतात, उदाहरणार्थ प्रत्येक जनुकाचे चिन्ह किंवा वर्णन. ते कुणी घातले नसतील, तर तक्ता रिकामा येतो. एक्झॉनचा ओळखक्रमांक, एक्झॉनचा क्रमांक असे पट्ट्यांचे स्तंभ आतल्या पातळीवर राहतात. ते पाहण्यासाठी आधी अनलिस्ट करावे आणि मग एमकॉल्स विचारावे. डॉलर चिन्हाबाबतही असाच गोंधळ होतो. जीरेंजेसमध्ये डॉलरपुढे स्तंभाचे नाव चालते. जीरेंजेसलिस्टमध्ये त्याच चिन्हाने त्या नावाचा गट शोधला जातो.

एलअप्लाय फार हळू चालते. पर्याय काय?

एलअप्लाय प्रत्येक गटासाठी सपाट व्हेक्टरचा तुकडा कापून नवे जीरेंजेस ऑब्जेक्ट बांधते, त्यावर आपले फंक्शन चालवते आणि शेवटी सर्व तुकडे हातात देते. वेळ आपल्या फंक्शनाला कमी आणि ऑब्जेक्ट बांधण्याला जास्त लागतो. एंडोअप्लाय निकाल पुन्हा जीरेंजेसलिस्टमध्ये जुळवून देते, पण वेगाच्या दृष्टीने त्यातून फारसे साध्य होत नाही. फॉर लूपमध्ये एकेका गटाला नवे मूल्य देणे हा तर सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण प्रत्येक फेरीत संपूर्ण सपाट व्हेक्टर नव्याने बांधला जातो.

योग्य मार्ग तीन पावलांचा आहे आणि त्याची सवयच लावून घ्यावी. अनलिस्टने सपाट जीरेंजेस काढावा, त्यावर हवा तो बदल एकदाच, सर्व पट्ट्यांवर एकत्र करावा, आणि मग रीलिस्टला तो सपाट जीरेंजेस व मूळ जीरेंजेसलिस्ट असे दोन्ही देऊन गट पूर्ववत करावेत. रीलिस्ट मूळ ऑब्जेक्टमधील सीमा उचलते आणि नव्या मजकुरावर बसवते. समजा, प्रत्येक एक्झॉनवर त्याच्या ट्रान्सक्रिप्टाचे नाव स्तंभ म्हणून हवे आहे. गटांची नावे घ्यावीत, प्रत्येक नाव एलिमेंटएनरोजने सांगितलेल्या संख्येइतक्या वेळा रेपने पुन्हा लिहावे, ते सपाट व्हेक्टरच्या नव्या स्तंभात ठेवावे आणि रीलिस्ट करावे. लाखो एक्झॉनांसाठीही हे काम क्षणात होते. अनलिस्ट करताना यूज-नेम्स हा अर्ग्युमेंट फॉल्स ठेवावा, अन्यथा प्रत्येक पट्ट्यावर गटाचे नाव चिकटते आणि नावांचा अनावश्यक मोठा व्हेक्टर तयार होतो.

अनेक प्रश्नांना या तीन पावलांचीही गरज नसते. स्टार्ट, एंड, विड्थ आणि स्ट्रँड ही फंक्शने जीरेंजेसलिस्टवर थेट चालतात आणि तशाच गटांची लिस्ट देतात. विड्थवर सम लावले की प्रत्येक ट्रान्सक्रिप्टाची लांबी एका ओळीत मिळते. आपल्या एचबीबी गटासाठी १४२, २२३ आणि २६३ यांची बेरीज ६२८ येते आणि तीच एनएम_०००५१८.५ ची लांबी आहे.

गटांच्या आतील काही पट्टे गाळल्यावर रीलिस्ट त्रुटी का देते?

रीलिस्टला मूळ सीमा बसवायच्या असतात, त्यामुळे सपाट व्हेक्टरची लांबी बदललेली चालत नाही. गाळण्यासाठी निराळा मार्ग आहे. जीरेंजेसलिस्टच्या एकेरी कंसात तिच्याच आकाराची लॉजिकल लिस्ट देता येते. विड्थ शंभरपेक्षा अधिक आहे का, हा प्रश्न संपूर्ण ऑब्जेक्टला विचारला की अशी लिस्ट तयार होते, आणि ती कंसात दिली की प्रत्येक गटातील केवळ लांब पट्टे उरतात. ज्यांचे सारे पट्टे गळाले ते गटही रिकामे होऊन जागेवर राहतात आणि बहुतेक वेळा आपल्याला तेच हवे असते.

रिकामे गट ठेवावेत की काढावेत?

शेवटच्या टप्प्यापर्यंत ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. रिकामा गट ही माहितीच असते: या जनुकाच्या वाट्याला एकही शिखर (प्रयोगात संकेत दाटलेला भाग) आले नाही, या ट्रान्सक्रिप्टात सीडीएस (प्रथिनाची संहिता असलेला भाग) नाही. ते मधेच काढले, तर गटांची संख्या बदलते आणि इतर तक्त्यांशी जुळणी तुटते. अनलिस्ट केल्यावर सपाट व्हेक्टरमध्ये रिकाम्या गटांची काहीच खूण उरत नाही, म्हणून त्यानंतर नावांवरून पुन्हा स्प्लिट केले तर ते नाहीसे होतात. रीलिस्ट वापरले तर ते टिकतात. खरोखर काढायचे असतील, तेव्हा एलिमेंटएनरोज शून्याहून अधिक असलेले गट निवडावेत.

जनुकाची लांबी मोजताना बेरीज प्रमाणाबाहेर मोठी का येते?

जनुकानुसार केलेल्या गटात वेगवेगळ्या ट्रान्सक्रिप्टांचे एकमेकांवर चढलेले एक्झॉन असतात, आणि त्यांच्या विड्थची साधी बेरीज केल्यास तोच बेस अनेकदा मोजला जातो. आधी रिड्यूस लावावे. ते प्रत्येक गटाच्या आत, एकाच स्ट्रँडवरील चढलेले आणि एकमेकांना लागून असलेले पट्टे एकत्र करते. दोन वेगवेगळ्या गटांतील पट्टे ते कधीही एकत्र करत नाही. त्यानंतरची बेरीज म्हणजे जनुकाने एक्झॉनांत व्यापलेल्या बेसांची खरी संख्या होय. रिड्यूसनंतर आतले स्तंभ गळतात, कारण विलीन झालेल्या पट्ट्यांनी कोणता ओळखक्रमांक ठेवावा याला उत्तर नसते.

फाइंडओव्हरलॅप्स गटाला लागू केल्यास नेमके काय तपासले जाते?

हा या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. गटातील कोणताही एक पट्टा समोरच्या पट्ट्यावर चढत असेल, तर तो गट जुळला असे मानले जाते, आणि निकालातील क्रमांक पट्ट्याचा नसून गटाचा असतो. गटातील पट्ट्यांमधली मोकळी जागा गटाचा भाग मानली जात नाही.

एचबीबीमध्ये याचा अर्थ काय होतो ते पाहावे. सिकलसेलला कारणीभूत असलेला बदल, म्हणजे आरएस३३४, जीआरसीएच३८ मध्ये ११व्या गुणसूत्रावर ५२,२७,००२ या स्थानी आहे. तो पहिल्या एक्झॉनच्या आत येतो, त्यामुळे एक्झॉनांच्या गटाशी ताडून पाहिल्यास जुळणी मिळते. आता भारतातील बीटा थॅलेसेमियात सर्वाधिक आढळणारा बदल घ्यावा, ज्याला आयव्हीएस १-५ म्हणतात. तो पहिल्या एक्झॉनच्या शेवटानंतर इंट्रॉनमध्ये (दोन एक्झॉनांमधील, स्प्लाइसिंगमध्ये गळणाऱ्या भागात) पाचव्या बेसवर आहे. पहिला एक्झॉन या स्ट्रँडच्या दिशेने ५२,२६,९३० ला संपतो, म्हणून बदलाचे स्थान ५२,२६,९२५ येते. एक्झॉनांच्या गटाशी ताडल्यास फाइंडओव्हरलॅप्स शून्य जुळण्या देते. फंक्शनाने आपले काम अचूक केलेले असते. प्रश्नच अपुरा विचारलेला असतो. केवळ एक्झॉनांवर चाळणी लावून बनवलेल्या यादीतून असा रोगकारक बदल निसटतो आणि निसटल्याची कुठे नोंदही राहत नाही.

संपूर्ण ट्रान्सक्रिप्टाचा विस्तार तपासायचा असेल, तर आधी जीरेंजेसलिस्टवर रेंज हे फंक्शन चालवावे. ते प्रत्येक गटाच्या पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत एकच पट्टा देते. आपल्या गटासाठी तो ५२,२५,४६४ ते ५२,२७,०७१, म्हणजे १,६०८ बेसांचा येतो, आणि आयव्हीएस १-५ त्याच्या आत सापडतो. स्प्लाइसिंगच्या जागा हव्या असतील पण इंट्रॉनचा अंतर्भाग नको असेल, तर प्रत्येक एक्झॉनला दोन्ही बाजूंनी काही बेस वाढवून, मग ताडून पाहणे हा मधला मार्ग आहे. अनलिस्ट, वाढ, रीलिस्ट ही तीन पावले येथे थेट उपयोगी पडतात.

बदलांच्या स्थानांना बहुधा स्ट्रँड नसतो आणि तिथे तारांकन असते. तारांकन दोन्ही स्ट्रँडांशी जुळते, म्हणून ऋण स्ट्रँडवरील जनुकांसाठी वेगळे काही करावे लागत नाही.

टीएक्सडीबी नसताना इंट्रॉन कसे काढावेत?

रेंजने मिळालेले विस्तार अनलिस्ट करावेत आणि पीसेटडिफ या फंक्शनाला तो जीरेंजेस व मूळ एक्झॉनांची जीरेंजेसलिस्ट द्यावी. ते प्रत्येक विस्तारातून त्याच क्रमांकाच्या गटातील एक्झॉन वजा करते. एचबीबीसाठी १३० आणि ८५० बेसांचे दोन इंट्रॉन मिळतात. अट एकच आहे: प्रत्येक गटाचा विस्तार एकाच पट्ट्यात मावला पाहिजे. एखाद्या गटात दोन गुणसूत्रांवरील किंवा दोन्ही स्ट्रँडांवरील पट्टे असतील, तर रेंज त्या गटासाठी एकाहून अधिक पट्टे देते आणि क्रमांकांची जोडी बिघडते.

बदलाचे ट्रान्सक्रिप्टावरील स्थान कसे मिळते?

मॅपटूट्रान्सक्रिप्ट्स हे फंक्शन जीनोमवरील स्थान आणि एक्झॉनांची जीरेंजेसलिस्ट घेते. आरएस३३४ साठी ते ७० हे उत्तर देते. हे हाताने पडताळता येते: ५२,२७,०७१ मधून ५२,२७,००२ वजा करून एक मिळवावा. त्यातील पहिले ५० बेस सुरुवातीच्या यूटीआरचे (प्रथिनात भाषांतर न होणाऱ्या भागाचे) असल्याने सीडीएसमधील स्थान २० येते. नवे कार्यप्रवाह लिहिताना अशा एका परिचित बदलाने पडताळणी करणे फार मोलाचे असते. येथेही गटातील एक्झॉनांचा क्रम बरोबर असणे आवश्यक आहे.

आरएनए-सेकच्या रीडांशी या कंटेनरचा संबंध काय?

स्प्लाइस झालेल्या रीडच्या सिगारमध्ये (रीड जीनोमवर कसा बसला हे सांगणाऱ्या संकेताक्षरांच्या ओळीत) एन हे अक्षर असते आणि ते इंट्रॉनवरची उडी दर्शवते. जीनोमिकअलाइनमेंट्स पॅकेजमधील जीआरजीलिस्ट हे फंक्शन प्रत्येक रीडचे अशा उड्यांच्या जागी तुकडे करून जीरेंजेसलिस्ट बनवते, त्यामुळे इंट्रॉनमधील एखादे लहान जनुक त्या रीडशी चुकीने जुळत नाही. समराइझओव्हरलॅप्सला जनुकानुसार एक्झॉनांची जीरेंजेसलिस्ट दिली की प्रत्येक गट एक जनुक म्हणून मोजला जातो. सुटे एक्झॉन दिले, तर प्रत्येक एक्झॉन स्वतंत्र मोजला जातो आणि दोन एक्झॉनांवर पसरलेला रीड मूळ युनियन पद्धतीत संदिग्ध ठरून वगळला जातो.

बेड फाइलमधून आलेली स्थाने एकाने का सरकतात?

बेड फाइल (जीनोमवरील पट्ट्यांचा साधा मजकूर तक्ता) शून्यापासून मोजते आणि अंत्यबिंदू धरत नाही. जीरेंजेस एकपासून मोजते आणि दोन्ही टोके धरते. आरएस३३४ बेडमध्ये ५२,२७,००१ ते ५२,२७,००२ असे लिहिले जाते, तर जीरेंजेसमध्ये त्याचे आरंभ आणि अंत दोन्ही ५२,२७,००२ असतात. आरट्रॅकलेयर या पॅकेजमधील इम्पोर्ट हे फंक्शन हे रूपांतर स्वतः करते. बेड फाइल साध्या तक्त्यासारखी वाचली, तर आरंभात एक मिळवण्याची जबाबदारी आपली असते.

फरक लाखोंचा नसला तरी हजारोंचा असेल, तर आवृत्तीचा संशय घ्यावा. हाच बदल जीआरसीएच३७ मध्ये ५२,४८,२३२ या स्थानी आहे. पहिल्या गुणसूत्राची लांबी त्या आवृत्तीत २४,९२,५०,६२१ आणि जीआरसीएच३८ मध्ये २४,८९,५६,४२२ आहे. सेकइन्फोमध्ये लांबी भरलेल्या असतील, तर याच फरकामुळे चुकीची जोडी पकडली जाते.

काही गुणसूत्रे वगळताना प्रूनिंग मोड कोणता द्यावा?

वगळलेल्या गुणसूत्रावरील पट्ट्यांचे काय करायचे हे प्रूनिंग मोड हा अर्ग्युमेंट ठरवतो. एखादे गुणसूत्र वापरात असताना ते वगळायला सांगितले, तर मूळ वर्तन त्रुटी देण्याचे आहे. कोर्स हा पर्याय त्या गुणसूत्रावर एक जरी पट्टा असलेला संपूर्ण गट काढतो. फाइन केवळ ते पट्टे काढतो आणि गट ठेवतो, मग तो रिकामा झाला तरी. टायडी पट्टे काढतो आणि त्यामुळे रिकामे झालेले गटही काढतो. शॉक्ससारखी जनुके एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांच्या समाईक भागात आहेत. अशा जनुकाच्या गटात दोन्हींवरील पट्टे असतील आणि वाय वगळताना कोर्स दिला, तर ते जनुक एक्सवरूनही नाहीसे होते. ट्रान्सक्रिप्टाची अखंडता महत्त्वाची असेल तिथे कोर्स योग्य आहे, कारण अर्धवट गट फसवा असतो. जनुकांच्या गटांसाठी मी टायडी सुचवेन.

जीन्स हे फंक्शन काही जनुके का गाळते?

याचे कारण वरचेच आहे. जीन्स प्रत्येक जनुकासाठी एकच पट्टा देते, म्हणून दोन गुणसूत्रांवर किंवा दोन स्ट्रँडांवर नोंदलेली जनुके ते संदेश देऊन वगळते. सिंगल-स्ट्रँड-जीन्स-ओन्ली हा अर्ग्युमेंट फॉल्स केला की उत्तर जीरेंजेसलिस्टमध्ये येते आणि एकही जनुक गळत नाही.

अनेक जीरेंजेस किंवा जीरेंजेसलिस्ट एकत्र कशा कराव्यात?

सी हे फंक्शन दोन जीरेंजेसलिस्ट एकापुढे एक ठेवते, म्हणजे गटांची संख्या वाढते. पीसी हे फंक्शन पहिल्या गटाला पहिला, दुसऱ्याला दुसरा असे गट जोडते, म्हणजे गटांची संख्या तीच राहते आणि प्रत्येक गट मोठा होतो. साध्या लिस्टमध्ये ठेवलेल्या अनेक जीरेंजेसना अनलिस्ट लावले, तर काहीच घडत नाही आणि तीच लिस्ट परत येते. आधी तिचे जीरेंजेसलिस्टमध्ये रूपांतर करावे, मग अनलिस्ट करावे.

हे ऑब्जेक्ट साठवावे कसे आणि इतरांना कसे द्यावे?

आर वापरणाऱ्या सहकाऱ्यांसाठी आरडीएस फाइल पुरेशी आहे. बऱ्याच जुन्या बायोकंडक्टर आवृत्तीत साठवलेली फाइल उघडल्यावर ऑब्जेक्ट नीट वागत नसेल, तर अपडेटऑब्जेक्ट चालवावे. जीनोम ब्राउझरमध्ये दाखवायचे असेल, तर आरट्रॅकलेयरमधील अ‍ॅज-बेड हे फंक्शन प्रत्येक गटाची एक ओळ करते आणि गटातील पट्टे त्या ओळीचे ब्लॉक होतात. ब्राउझरमध्ये एक्झॉन जाड आणि मधले इंट्रॉन बारीक रेषेने दिसतात. तक्ताच हवा असेल, तर डेटाफ्रेममध्ये रूपांतर करताना ग्रुप आणि ग्रुप-नेम असे दोन स्तंभ जोडले जातात आणि त्यांवरून गट पुन्हा बांधता येतात. रिकामे गट मात्र तक्त्यात उतरत नाहीत, म्हणून सर्व गटांच्या नावांची यादी त्या तक्त्यासोबत वेगळी पाठवावी. सेकइन्फोही तक्त्यात जात नाही. जीनोमची आवृत्ती फाइलच्या नावातच लिहावी.